अकरा अक्रोड

तीन वर्षं बोग्लार्का
एका अपूर्णांकाच्या उंबऱ्यावर बसून होती.
पाच-तृतीयांशाहून वाईट होत नाही, हे सिद्ध झालेलं.
दीडपर्यंत उतरता येईल, असं सगळ्यांना वाटतं.
या दोन्हींमधला एक-षष्ठांश
म्हणजे तिची शिष्यवृत्ती, तिचा प्रबंध,
सेगेदमधली दुसऱ्या मजल्यावरची ती खोली,
जिथला रेडिएटर रात्री दोनला ठोके देतो
आणि शेजारच्या टेबलावर टिहामेर
परिचारिकांच्या पाळ्या लावता लावता
सूर्यफुलाच्या बिया सोलत असतो.

सायकलचं चाक रुळात अडकू नये म्हणून खाली बघावं
तर ट्रामचे रूळ तिला कडांसारखे दिसत,
थांबे शिरोबिंदूंसारखे.
आईला ही खोड आवडत नसे.
भावाच्या लग्नातसुद्धा तू टेबलं मोजत होतीस.
मोजत नव्हते गं, जुळवत होते.

दहा शिरोबिंदूंचे सगळे जोडलेले आलेख
यंत्राने एकेक करून तपासले होते.
एक कोटी सतरा लाख.
कुठेच माशी शिंकली नाही.
अकरांची मोजणी पुढच्या हिवाळ्यापर्यंत चालली असती,
म्हणून चौथ्या प्रकरणात तिने लिहून टाकलं:
हे उघड आहे.
एमेशेबाईंनी समासात पेन्सिलीने
एक प्रश्नचिन्ह काढलं,
इतकं पुसट, की सौजन्य वाटावं.

रविवारी ती माकोला, घरी.
बाबा फरशा बसवतात. बत्तीस वर्षं गुडघ्यांवर.
"आमच्यात अर्धी फरशी चालते," ते म्हणाले,
"भिंतीपाशी कापायची की झालं. तुझं काय अडतं?"
"अर्धी ट्राम सोडता येत नाही, बाबा.
अर्धी चालेल म्हटलं की उत्तर चुटकीसरशी येतं.
पूर्णच हवी म्हटलं, की घोडं अडतं."
मग टोपलीतले अक्रोड तिने टेबलावर मांडले,
मधे आगकाड्या.
हा इथे, हे दोघे पलीकडे, या तिघांचा त्रिकोण.
"आता ही काडी काढली
तरी दुसरी वाट उरतेच, हे उघड आहे."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला,
फरशीची पातळी बघावी तसे वाकले,
टेबलाच्या कडेशी डोळा नेला.
"मला नाही दिसत."

तिने बघितलं.
तिलाही दिसेना.

सूप निवलं. आईने दोनदा हाक मारली.
ती त्रिकोणाभोवती अक्रोड सरकवत राहिली.
आठ, नऊ, अजून वाट उरते,
दहा, उरते,
अकरावा ठेवला
आणि वाट बंद झाली.

इतके महिने
"उघड" या शब्दाखालीच पाणी मुरत होतं.

कोणी रडलं वगैरे नाही.
टोपलीत उरलेला एकुलता अक्रोड बाबांनी फोडला,
अर्धा तिला दिला.

सोमवारी फळ्यावर अकरा ठिपके.
टिहामेर बिया सोलायचा थांबला.
एमेशेबाई उभ्याच, कोटसुद्धा न काढता,
एक कड पुसली, पुन्हा काढली,
ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं.
उपप्रमेय गेलं. त्याच्या पाठोपाठ तीस पानं.
दीड मात्र शाबूत, होतं तिथेच, पलीकडे.
बाईंनी वही काढली
आणि ती आकृती उतरवून घेतली, सावकाश,
एखाद्याचा पत्ता लिहून घ्यावा तशी.

"आणि बारावा?" त्यांनी विचारलं.
"बारावा टाकला तर वाट पुन्हा खुली होते का?"

"माहीत नाही," बोग्लार्का म्हणाली.
बारावा आम्ही खाल्ला, हे तिने सांगितलं नाही.